रैनूचा डावा गुडघा

कॉलेजच्या फुटबॉल संघातले मागचे चौघं आणि त्यांच्या पाठीशी उभा असलेला गोली, एवढीच माणसं आयुष्यभर माझ्या वाट्याला आली. पुढे पळणारे, गोल मारणारे, ज्यांचे फोटो पेपरात येतात ते सगळे ढवळे सरांचे. सर आमच्या कॉलेजचे खेळाचे प्रमुख. तरुणपणी ते स्वतः सेंटर फॉरवर्ड खेळलेले, त्यामुळे मैदानाच्या अर्ध्या भागाकडे त्यांची पाठच असायची. मी त्यांच्याच हाताखाली तीन वर्षं स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळलो, मग नागपूरला जाऊन बी.पी.एड. केलं आणि पदवी घेऊन चंद्रपूरला परत आलो, तर नोकरी कुठेच नव्हती. एका सकाळी सर मला मैदानाच्या कडेला भेटले. म्हणाले, "शेंडे, घरी बसून काय करून राह्यला? मैदानावर येत जाय. मागचे चौघं तुझे. मले त्याच्यातलं काई समजत नाई, अन् खरं सांगू का, समजून घ्याची इच्छा बी नाई." माझ्या कारकिर्दीची सुरुवात ही अशी झाली. कागद नाही, पद नाही. मुलं मला काय म्हणायचं ते न कळून काही दिवस नुसतंच "ओ" म्हणायची.

आम्ही तेव्हा कोळसा खाणीच्या वसाहतीत राहत होतो. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे आईनं लावलेली अंबाडी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. दुपारी उघड्या खाणीत स्फोट व्हायचा तेव्हा फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायची, आणि आई हातातलं काम न थांबवता दुसऱ्या हातानं पितळी डबा धरून ठेवायची. दिवसातून तीनदा भोंगा. दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत राखी व्हायचे. बाबा जुन्या भुयारी खाणीत टिंबरचं काम करत. म्हणजे कोळसा काढलेल्या जागी छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे टेकू लावायचे. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. मी बचाव शिकवतो म्हणजे नक्की काय करतो हे त्यांना एकदा समजावून सांगत होतो, तर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "छत पडलं नाई त टिंबरवाल्याचं नाव कोनी घेत नाई. तसंच हाय तुह्यं." बाबा एवढं सलग क्वचितच बोलत. बोललं की खोकला यायचा, आणि तो आला की लवकर जायचा नाही.

आईचं माहेर सिंदेवाहीकडचं, तलावावर मासे धरणाऱ्यांचं. मामा वर्षातून दोनदा यायचा तो सुकवलेल्या झिंग्यांचं गाठोडं घेऊन, आणि मग महिनाभर घरात तोच वास. वांग्यात झिंगे, नुसते भाजलेले झिंगे, आणि पातळ भाताबरोबर मिरचीत रगडलेले झिंगे. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका नाक धरायच्या आणि वाटी घेऊन मागायलाही यायच्या. मी आज पासष्टीच्या जवळ आहे, जिभेची चव बरीच गेली आहे, तरी झिंगे तव्यावर पडले की काही क्षण मी त्या दोन खोल्यांत असतो. आणि तिथे असलो की कोपऱ्यात रैनू बसलेला असतो, ताटावर वाकून, न बोलता जेवणारा.

रैनू पुंगाटी हेमलकशाच्याही पलीकडच्या एका माडिया गावातून आला होता. आश्रमशाळेत बारावी झाला, कुणीतरी अर्ज भरून दिला आणि तो आमच्या कॉलेजात, वसतिगृहात येऊन पडला. पहिल्या दिवशी मैदानावर अनवाणी उभा होता. ढवळे सरांनी त्याला चेंडू मारायला सांगितलं, त्यानं मारला तो कुंपणाबाहेर. "हा तुह्याकडं ठेव," सर मला म्हणाले. मी त्याला मागे उभं केलं. आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की हा मुलगा चेंडूकडे बघतच नाही. समोरच्याच्या कमरेकडे बघतो. समोरचा कुठे वळणार हे त्या समोरच्याच्याही आधी रैनूला कळायचं, आणि मग घाई न करता, जणू तिथून जाणारच होता अशा चालीनं तो तिथे पोचलेला असायचा. मी पुस्तकांतून जे शिकलो होतो ते ह्याला कुणी न शिकवता येत होतं. मी फक्त त्याला बूट घालायला शिकवलं आणि मोठ्यानं ओरडायला शिकवलं. कारण स्टॉपरनं बोललं पाहिजे, आणि रैनू बोलायचाच नाही. मला 'सर' म्हणणारा तो पहिला.

रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. पहिल्यांदा मीच आणला, नंतर आईच विचारायची, "रैनू नाई आला काऊन?" तिला त्याची माडिया कळत नव्हती आणि त्याला तिची झाडीबोली अर्धीच कळायची, पण दोघांचं जमायचं. तो तिला पाणी भरून द्यायचा, लाकडं फोडायचा. एकदा तिनं विचारलं, "शिकून काय करशीन रे तू?" त्यानं फोडलेलं लाकूड भिंतीशी लावलं. मग म्हणाला, "वनरक्षक होईन, बाई. आमच्या रानात बाहेरचा गार्ड येते. आमचीच कुऱ्हाड हिसकून नेते. मी गार्ड झालो त..." वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही. पुढचं त्याच्या डोळ्यासमोर इतकं स्पष्ट असावं की सांगायची गरज वाटली नसेल. भरती निघाली होती. लेखी होतं, आणि त्याआधी धावणं. धावण्याची त्याला काळजीच नव्हती. पहाटे वसतिगृहातून निघून तो इरई नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचा, आणि मग आमच्या सरावाला हजर.

त्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कधी नव्हे ते उपान्त्य फेरीत पोचलो. चार सामने आणि आमच्यावर एकच गोल, तोही पेनल्टीवर. ढवळे सरांचे फॉरवर्ड कसेबसे एखादा मारायचे आणि माझे चौघं तो सांभाळायचे. लोक पहिल्यांदा मागे बघायला लागले. घरात मात्र वेगळंच चाललं होतं. बाबांच्या छातीचा फोटो काढला गेला, खाणीच्या डॉक्टरांनी त्यांना अनफिट ठरवलं, आणि क्वार्टर रिकामं करायची नोटीस कधीही येईल असं युनियनवाला सांगून गेला. आई भांडी पुसून पुसून फळीवर ठेवायची. बाबा दारात खुर्ची टाकून पाळी सुटल्यावर जाणारी माणसं बघत बसायचे, आणि त्यातलं कुणी हात केला तर आत येऊन पडायचे. त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. शारीरिक शिक्षणाची दुसरी जागा मंजूर झाली होती. "फायनल पाहाले संस्थेचे अध्यक्ष येऊन राह्यले," ते म्हणाले. "त्यायले दिसू द्या तुमचं काम. बाकी मी पाहून घेतो."

उपान्त्य सामना आम्ही जिंकलो, पण शेवटी शेवटी रैनूचा डावा पाय एका खड्ड्यात अडकला आणि वरचं शरीर फिरलं. तो उठला, खेळला, सामना संपवला. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा झाला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला सायकलवर बसवून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्याशी बोलले. आतलं लिगामेंट अर्धवट फाटलं आहे. दीड महिना धावणं पूर्ण बंद. आत्ता थांबला तर बरा होईल, पण ह्याच पायावर पुन्हा मार बसला तर तो पाय कधी पहिल्यासारखा होणार नाही. त्यांनी ते कागदावर लिहून दिलं.

फायनल चार दिवसांवर होती. भरतीचं धावणं दोन महिन्यांवर. म्हणजे त्या दिवशीच तो थांबला असता तर वेळेत उभा राहिला असता. हा हिशेब मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच केला होता. डोकं सुन्न झालं होतं, काही सुचलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं होतं. पण मला सगळं सुचलं होतं.

रैनू पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. त्यानं वर बघितलं. "काय म्हनले, सर?"

"सूज हाय," मी म्हणालो. "पट्टी बांधली का चालते."

"धावाले चालते न? भरती हाय."

"चालते. दोन महिने हायेत अजून."

त्यानं मान हलवली. मी तो कागद खिशात घातला, आणि चहाच्या टपरीवर त्याला चहा पाजताना मागच्या बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. तो माझ्याकडे बघून हसला. मी चहा पाजला म्हणून हसला असेल.

रविवारी तो जेवायला आला तेव्हा आईनं त्याचा पाय मांडीवर घेतला. हळद आणि तेल गरम करून कापडानं शेकत होती. तिनं अंगठ्यानं गुडघ्याच्या बाजूला दाबलं तसा त्याचा चेहरा ताणला गेला, पण आवाज नाही. तो गेल्यावर ती मागच्या दारात उभी राहिली. "डॉक्टर काय म्हनला?"

"काई नाई. सूज."

"मी तलावावरच्या घरची हावो, बाबू. चिखलात पाय मुरगळलेली मान्सं लहानपनापासून पाहून राह्यली. हे सूज नोहे. आतमंदी काईतरी तुटलं हाय. त्याले खेळवू नको."

मी काहीतरी बोललो, खेळातलं तिला काय कळतं अशा अर्थाचं. आतून बाबा खोकत होते. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्या खोलीकडे बघितलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मी का खेळवतोय हे तिला कळलं होतं असं मला आज वाटतं. कळल्यावर ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं तिनं स्वतःला कधी माफ केलं नसावं.

फायनलला ऊन कडक होतं. मंडपात अध्यक्ष, प्राचार्य, पांढऱ्या कपड्यातली माणसं. मी रैनूचा गुडघा स्वतः बांधला, इतका घट्ट की पाय वाकेना. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. तो नेहमीसारखा पोचत होता, पण पोचून झाल्यावर एका पायावर भार देऊन उभा राहत होता. मध्यंतरात बाकीच्यांनी संत्री खाल्ली. तो माझ्याजवळ आला, इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "सर, गुडघा आतून सरकून राह्यला. मी बसू का?"

माझ्याकडे बदली खेळाडू होता. बोढे नावाचा, बरा पोरगा, दुसऱ्या वर्षाचा, शूज बांधून तयार. मी मंडपाकडे बघितलं. मग रैनूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तू बसला त मांगं कोन राहीन? थोडाच वेळ हाय." हुकूम केला असता तर कदाचित त्यानं नाही म्हटलं असतं. मी विनंती केली. त्याला विनंतीला नाही म्हणता येत नसे.

आमचा गोल झाला तो कॉर्नरवरून, गोंधळात. ढवळे सर उड्या मारत होते. त्यानंतर समोरचा नागपूरचा संघ सगळाच आमच्या अंगावर आला. शेवटची दहा मिनिटं राहिली असतील. त्यांचा उंच फॉरवर्ड डाव्या बाजूनं आत घुसला, गोली पुढे आलेला, गोल रिकामा. रैनू तिथे होता. त्यानं सगळं अंग वळवून चेंडू बाहेर काढला, आणि त्याचा पाय जमिनीत तसाच राहिला. मी रेषेवर होतो. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज मला ऐकू आला. दुसऱ्या कुणाला आला की नाही माहीत नाही, कारण मैदानभर टाळ्या चालल्या होत्या.

आम्ही जिंकलो. मुलांनी ढवळे सरांना खांद्यावर घेतलं, मग मला घेतलं. वरून मला गोलपोस्टला टेकून बसलेला रैनू दिसत होता. तो पट्टी सोडत होता. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला, "बचाव असावा त असा," म्हणाले.

दोन महिन्यांनी मी त्याच्याबरोबर गडचिरोलीला भरतीच्या मैदानावर गेलो. तो म्हणाला होता, येऊ नका. मी गेलो. शेकडो मुलं, छातीवर नंबर. पहिली फेरी तो पुढच्यांत होता. दुसऱ्या फेरीत पाय बाहेरच्या बाजूला पडायला लागला. तिसऱ्या फेरीत तो माझ्यासमोरच, कुंपणापासून चार पावलांवर पडला. उठला, पुन्हा पडला. मग रांगला. मागून येणारे त्याला वळसा घालून जात होते. एका शिपायानं येऊन त्याच्या छातीवरचा नंबर काढून घेतला, रागानं नाही, आपलं काम म्हणून. बसस्थानकावर आम्ही दोघं बाकावर बसलो. मी काहीतरी खायला आणलं, त्यानं खाल्लं नाही. त्याची गाडी आधी लागली. "येतो, सर," म्हणाला आणि खिडकीजवळ जाऊन बसला. कॉलेजच्या परीक्षेला तो आला नाही. वसतिगृहात त्याची एक ट्रंक होती, ती कुणीतरी गावाकडे जाणाऱ्याबरोबर पाठवून दिली.

मला नेमणुकीचं पत्र मिळालं. क्वार्टर सोडून आम्ही गावात भाड्याची खोली घेतली. बाबा त्या खोलीत पाच महिने जगले. आईनं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं आणि विचारलं, "रैनूले कळवलं का?" मी होय म्हणालो.

त्यानंतरची माझी नोकरी सरळ गेली. आधी मानधनावर, मग कायम, कायममधून ढवळे सरांच्या जागी प्रमुख, मग विद्यापीठ संघाच्या बचावफळीचा प्रशिक्षक. नवीन मुलं येत, मी त्यांना समोरच्याच्या कमरेकडे बघायला शिकवत असे. ते कुणाकडून शिकलो हे मी कधी सांगितलं नाही. एक नियम मात्र मी पाळला. मुलगा दुखतंय म्हणाला की त्याला खाली बसवायचा, मग फायनल असो की काही असो. त्यापायी दोन चषक गेले. सहकारी मला भित्रा म्हणत, मी ऐकून घेत असे.

त्या फायनलनंतर सात वर्षांनी मी रैनूच्या गावी गेलो. आलापल्लीच्या पुढे रस्ता संपतो असं वाटतं आणि तरी बस जात राहते. फाट्यावर उतरून तासभर चालत गेलो. तेंदूच्या हंगामाचे दिवस. अंगणात पानांचे पुडे बांधत काही माणसं बसली होती, त्यात तो होता. उठला तेव्हा पाय आधी बाजूला टाकून मग उठला. मला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि ते बघून मला परत फिरावंसं वाटलं. त्यानं खाट टाकली, म्हाताऱ्या बापाला माडियात काहीतरी सांगितलं. म्हातारा हात जोडून बसला. रैनूनं मला सांगितलं, "बापाले म्हनलो, मले खेळ शिकवला ते हेच सर."

मी त्याला म्हणालो, थोडं बाजूला चल. मोहाच्या झाडाखाली आम्ही उभे राहिलो. मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, कागद कुठे टाकला, बोढे तयार होता. एकदम सांगितलं, मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

तो ऐकत होता. जमिनीवर एक काडी घेऊन रेघा ओढत होता. "काऊन, सर?" त्यानं विचारलं. रागावलेला नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं.

"नोकरीचा सवाल होता, रैनू. घर जाऊन राह्यलं होतं."

त्यानं काडी टाकली.

"माझ्या बी नोकरीचाच होता," तो म्हणाला.

आम्ही अंगणात परत आलो. त्याची बायको तोवर आंबील घेऊन आली होती, तुंब्याच्या, वाळलेल्या भोपळ्याच्या, डावानं पानाच्या द्रोणात ओतायला वाकली होती. रैनू तिला माडियात दोनच शब्द बोलला. ती थांबली. माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि भांडं उचलून तशीच आत गेली. म्हातारा अजून हात जोडून बसला होता, त्याला काही समजलं नव्हतं. रैनू पुन्हा पुड्यांपाशी जाऊन बसला आणि पानं मोजायला लागला. एका पुड्याला सत्तर, तोंडातल्या तोंडात. मी थोडा वेळ खाटेपाशी उभा होतो. मग पिशवी उचलून निघालो.

फाट्यावर बस आली नाही. पानं भरून चाललेला एक ट्रक थांबला, ड्रायव्हर सिरोंच्याकडचा, तेलुगू वळणाचं हिंदी बोलणारा. त्यानं मला बाजूला बसवून घेतलं आणि बऱ्याच वेळानं विचारलं, इकडे कुणाकडे आला होता.

"किसी के पास नहीं, भाऊ," मी म्हणालो.